अकरा कापडं

६ मार्च

आत्या,

फोनच करणार होते, पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू ते मान्यही करत नाहीस. शिवाय हे मला बोलता आलं नसतं.

सोमवारी माझ्या हातून एक बाई गेली. वीटभट्टीवर कामाला होती. तिसरं बाळंतपण, आधीची दोन्ही सुखरूप. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली, लगेच रडली. गर्भपिशवी आवळून धरणारं इंजेक्शन मी मिनिटाच्या आत दिलं. वार पडली, ती उलटसुलट करून पाहिली, पूर्ण होती. सगळं तू शिकवलंस तसं. आणि खोली इतकी चकचकीत की डॉक्टर डोकावून म्हणाले, इथे आत्ता बाळंतपण झालंय हे सांगूनही कोणाला खरं वाटणार नाही. मला बरं वाटलं, आत्या. त्या वाक्याचं मला बरं वाटलं, हे तुला सांगायलाच हवं.

पाऊण तासाने ती म्हणाली, सिस्टर, पाणी द्या. मग म्हणाली, खिडकी उघडा. खिडकी उघडीच होती. नाडीला हात लावला तर बोटाखाली नुसती पळत होती. सलाईन लावलं, पोटावरून पिशवी चोळली, पुन्हा इंजेक्शन दिलं, गाडी बोलावली. रक्त मिळतं ते हॉस्पिटल इथून दोन तासांवर आहे. मी गाडीत तिच्या उशाशी होते. नदीवरच्या पुलापाशी मीच ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं.

रजिस्टरमध्ये रक्तस्रावाच्या रकान्यात मी तोवर ‘साधारण’ लिहून मोकळी झाले होते. मी नेहमी तेच लिहिते. आपण सगळ्याच तेच लिहितो.

दुपारी मागच्या दगडावर मावशी कापडं धूत होत्या. मावशी म्हणजे आमच्या आयाबाई, इथे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणतात. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “सिस्टर, आज अकरा कापडं निघाली. एरवी चार निघतात.” मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं? तर म्हणाल्या, तुम्ही कापडं पटापट उचला म्हणता, मी उचलली; मोजायला कुठे सांगितलं होतं?

त्यांचं काय चुकलं? भिजलेलं कापड पाच मिनिटांच्या आत खोलीबाहेर गेलंच पाहिजे. प्रसूतिगृह स्वच्छता नियमावली, नियम सात. ती नियमावली कोणी लिहिली, तर माझ्या आत्याने, मेट्रन असताना. मावशी एकेक कापड उचलत गेल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर एका वेळी एकाहून जास्त कापड कधी नव्हतंच. तिचं रक्त माझ्या समोरून वाहून गेलं आणि मी खोलीच्या स्वच्छतेवर खूश होते.

आजपासून या खोलीतून एकही कापड वजन केल्याशिवाय बाहेर जाणार नाही. मी तुझी परवानगी मागत नाहीये. फक्त एक विचारते, हा पाच मिनिटांचा आकडा तू कशावरून काढलास?

तुझी,
भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. कानांचं म्हणशील तर अजून बरे आहेत, तुम्ही लोकच पुटपुटता.

आधी हे ऐक. बाई गेली की तिच्या मागोमाग नर्सचा जीव जातो, हे मला ठाऊक आहे. जेवतेस ना? आठवडाभर रजा काढ म्हटलं तर तू काढणार नाहीस, म्हणून म्हणत नाही.

आता नियमाचं. मी नोकरीला लागले तेव्हा एकीचं रक्त सुकायच्या आत दुसरी त्याच टेबलावर घेत असू. माश्या घोंघावायच्या. बायका दारापर्यंत यायच्या, आतला वास घेऊन परत जायच्या आणि घरी ताप येऊन मरायच्या. साबण मिळावा म्हणून मी दीड वर्ष अर्ज केले. साहेब लोक हसायचे, म्हणायचे, ही बाई हॉस्पिटल चालवते की धुलाईघर? त्या हसण्याला पुरून उरले आणि नियमावली लिहिली. पुढच्या दोन वर्षांत बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका निम्म्याच्याही खाली आल्या. तेव्हा नियम सातकडे बोट दाखवताना जरा सांभाळून. तो आरामखुर्चीत बसून लिहिलेला नाही. पाच मिनिटं अनुभवातून आली, एवढं तुला पुरे.

रक्त जाणारच. कोणाचं थोडं, कोणाचं जास्त. चांगल्या नर्सचा डोळा तयार होतो, तिला काट्याची गरज पडत नाही. माझ्या तेहतीस वर्षांत कापडांमुळे काही चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि असल्या गोष्टी कागदावर लिहीत जाऊ नकोस. इंजेक्शनची वेळ आणि तारीख नीट नोंदव. महिनाअखेरीला तपासणी असते, तेव्हा खोलीत बोट ठेवायला जागा सोडू नकोस.

तुझी,
आत्या


२ एप्रिल

आत्या,

जेवते. मावशी समोर बसून जेवायला लावतात, तू त्यांना गुपचूप पत्र पाठवलंस की काय?

डोळा तयार होतो म्हणतेस, म्हणून मी डोळ्यांचीच परीक्षा घेतली. लाल शाई घालून पाणी केलं, बरोबर एक लिटर. ते चार कापडांवर, थोडं रबरी चादरीवर, थोडं जमिनीवर ओतलं. मग एकेकाला आत बोलावून विचारलं, किती असेल? डॉक्टर म्हणाले, अडीचशे, फार तर तीनशे. शेजारच्या उपकेंद्रातली सिस्टर म्हणाली चारशे. मी स्वतः, ओतलेलं माहीत असूनही, पाचशेच्या वर जायला धजले नसते. शेवटी मावशींना बोलावलं. त्यांनी एक कापड उचललं, हातात तोललं, कोपरा पिळला आणि म्हणाल्या, नऊशे तरी असेल, वर थोडं सांडलंय ते वेगळं. डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण माणूस सरळ आहे. म्हणाले, सिस्टर, आपण सगळे आंधळे आहोत आणि एकट्या मावशींना दिसतं.

आता आमची पद्धत अशी आहे. बाळंतिणीखाली प्लॅस्टिकची चादर, तिची एक बाजू चुणून पन्हळीसारखी केलेली. तिच्या टोकाशी खाली स्टीलचं माप. मापाच्या आतल्या बाजूला खुणा. तीनशेला पोचलं की कान टवकारायचे, नाडी मोजायची. पाचशेला पोचलं की वाट बघायची नाही, हातातलं सगळं टाकून धावायचं. कापडं टांगत्या काट्यावर, भंगारवाल्याकडे असतो ना, तसल्या. कोरडं कापड दीडशे ग्रॅम भरतं. ओल्यातून ते वजा केलं की रक्त किती ते कळतं. एक तासभर सगळं झाकणाच्या टबात खोलीतच राहतं, मग मावशी साबण सोडा लावून धुतात. तुझा साबण कुठेही गेलेला नाही.

गेल्या मंगळवारी एकीचं माप दहाव्या मिनिटाला पाचशे वीसवर गेलं. बाई हसत होती, बाळाची बोटं मोजत होती. फेब्रुवारीत असती तर मी ‘साधारण’ लिहून चहा प्यायला गेले असते. पिशवी चोळली, दुसरं औषध दिलं, सलाईन लावलं, लघवीची पिशवी मोकळी केली, आत फाटलंय का पाहिलं. सातशेवर थांबलं. ती तिसऱ्या दिवशी चालत घरी गेली.

आणि नेमके त्याच वेळी तपासणी अधिकारी आले. टबात चार भिजलेली कापडं, एक काट्यावर लटकलेलं, मापात रक्त. रुमाल नाकाला लावून त्यांनी विचारलं, हा काय खाटीकखाना आहे? मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी बाईकडे पाहिलं, ती टुकटुकीत. मग म्हणाले, “म्हणजे बाई ठीक आहे. मग ही घाण कशाला जमवली?”

मेमो दिला आहे. नियम सातचा भंग. खाली तुझं नाव घालून लिहिलंय की ज्यांच्या नियमावलीने जिल्ह्याची मान उंचावली त्यांच्याच घरातल्या परिचारिकेने असं वागावं ही खेदाची बाब आहे. वीस मेला समितीपुढे सुनावणी. त्याआधी माफीनामा दिला आणि काटा काढून टाकला तर प्रकरण मिटेल. नाही दिला तर मला लेबर रूमची ड्यूटी बंद.

भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस,

माफीनामा लिहून दे.

रागावण्याआधी पुढचं वाच. तुला त्या खोलीतून काढलं तर तिथे कोण येईल? ज्या बाईचं माप पाचशे वीसवर गेलं, तिच्या उशाशी पुढच्या वेळी कोण असेल? साहेबांना कागद हवा असतो. कागद द्यावा आणि आपलं काम करत राहावं. माझी अर्धी नोकरी अशीच झाली. सोबत मसुदा जोडला आहे. सहा ओळींचा आहे, त्यात खेद आहे पण चूक कबूल केलेली नाही, नीट वाचलंस तर कळेल. सही कर आणि काटा कपाटात ठेव. अधिकारी गेले की कपाटाला कुलूप थोडंच असतं.

हट्टाने नोकरी घालवलेल्या पुष्कळ मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचं नाव आज कोणाला आठवत नाही.

कोरडं कापड दीडशे ग्रॅमच ना? आमच्या वेळची कापडं जाड होती, दोनशेच्या आसपास असतील. असंच विचारते आहे.

आत्या


१४ एप्रिल

आत्या,

मसुदा वाचला. तुझ्या हाताचं वळण अजून सुरेख आहे. तो मी फाडून टाकला.

कपाटात काटा आणि रजिस्टरमध्ये ‘साधारण’, अशी लपूनछपून मी बायका वाचवायच्या? आणि पुढच्या उपकेंद्रात, त्याच्या पुढच्या उपकेंद्रात काय? तिथे तुझा नियम भिंतीवर फ्रेम करून लावलेला आहे. माझं काम मी चोरून केलं तर ते माझ्याबरोबर संपेल. ते चोरीचं काम नाहीच मुळी, मग चोरासारखं का करू?

मला खरं कारण कळलंय. माफीनामा दिला की नियम सात जिथल्या तिथे राहतो आणि त्याच्याखालचं नावही. तेहतीस वर्षांच्या कीर्तीला डाग नको. तुला माझी काळजी असती तर तू त्या भट्टीवालीबद्दल एक तरी प्रश्न विचारला असतास. तिची मुलगी कुणाकडे आहे? दूध काय पिते? विचारलंस तू कापडाचं वजन.

मुलगी आजीकडे आहे. मी दर शुक्रवारी जाते. आजी मला बसायला सांगत नाही आणि जा असंही म्हणत नाही.

मी सही करणार नाही. अधिकाऱ्यांनी मावशींनाही दम भरला, काट्याला हात लावलास तर काम जाईल. मावशी म्हणाल्या, साहेब, कापड धुणारी मी, कधी धुवायचं ते मी ठरवीन, तुम्ही घरी तुमचा रुमाल तरी स्वतः धुता का? त्यांना पेन्शन नाही, क्वार्टर नाही, मागे कोणी मेट्रन नाही. तरी त्या उभ्या राहिल्या.

तू नको राहूस. पत्रही नको पाठवूस आता.

भिंगरी


११ मे

चि. भिंगरी,

पत्र पाठवू नकोस म्हणालीस, म्हणून महिनाभर नाही पाठवलं. आज पाठवते आहे, आणि तू शेवटपर्यंत वाचशील. एवढं तरी तू माझं ऐकतेसच.

तुझं प्रयोगाचं पत्र आलं त्याच दिवशी मी न्हाणीघरात बादली घेऊन बसले होते. जुना जाड कपडा, लाल रंग, स्वयंपाकघरातला काटा. डोळे मिटून ओतलं, डोळे उघडून अंदाज केला. चारशे म्हटलं. वजन केलं तर अकराशे. पुन्हा केलं. पाच वेळा केलं, गुडघा धरून. एकदाही निम्म्यावर पोचले नाही. त्यानंतर मी तुला ‘माफीनामा लिहून दे’ असं पत्र लिहिलं. घाबरले होते मी. माझ्या नावाची भीती नव्हती, त्यात तुझं चुकलं. पण तू जर खरी असशील तर मी तेहतीस वर्षं काय केलं, त्याची भीती होती.

तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा ठरवलं की आता शेवटपर्यंत जायचं. आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत एक माणूस होता. त्याला सगळे लाँड्रीदादा म्हणत. आता त्याच्या मुलाच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून असतो. मी गेले. ओळखलं त्याने, उठायला लागला, मी बसवलं. विचारलं, दादा, लेबर रूमची कापडं तुम्ही मोजून घेत होता का?

म्हणाला, घ्यायचो की, जेवढी आली तेवढी परत द्यायला लागायची. मग आपणहून म्हणाला, बाई, मला रोज कळायचं. पाचसहा आली तर ठीक. बारा-तेरा आली की मी पोराला म्हणायचो, आज वरती काहीतरी वाईट होणार. तास-दोन तासांनी वॉर्डातून रडणं ऐकू यायचं.

मी म्हटलं, दादा, एकदा तरी वर येऊन सांगायचं.

तो म्हणाला, “लाँड्रीवाल्याने मेट्रनबाईंना शिकवायचं का? एकदा सतरा कापडं आली होती. मी जिन्यापर्यंत आलो होतो. तुम्ही वरूनच ओरडलात, गेल्या खेपेचे डाग निघाले नाहीत म्हणून. मग मी खाली गेलो.”

तो दिवस मला आठवतो, भिंगरी. मी तुला लिहिलं होतं की काही आठवत नाही, ते खोटं होतं. शिक्षिका होती ती. पहिलंच बाळंतपण. मोठ्या साहेबांची फेरी त्याच वेळी येणार होती आणि मी दोन आयांना कामाला लावून खोली लखलखीत केली. साहेब खूश झाले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की लेबर रूम कशी असावी हे या बाईंकडून शिका. ती तिथे भिंतीकडे तोंड करून पडली होती. आम्हाला वाटलं थकली आहे. मरणाचं कारण आम्ही ‘अचानक हृदय बंद पडणे’ लिहिलं.

आणि पाच मिनिटं कशावरून काढली विचारलं होतंस. पुरुष वॉर्डापासून लेबर रूमपर्यंत साहेबांची फेरी पोचायला पाच मिनिटं लागायची. पहिल्या वॉर्डात चपला वाजल्या की आम्ही कामाला लागायचो. नियम लिहायला बसले तेव्हा हाताला तोच आकडा लागला. त्यात बाळंतिणीचा विचार कुठेच नव्हता. साबणाचं खरं होतं, तापाचं खरं होतं. पण पाच मिनिटं साहेबांच्या नाकासाठी होती.

सही करू नकोस. समितीला माफीनामाच हवा आहे ना, मग मिळेल. सोबतचा कागद सुनावणीत मोठ्याने वाच. कोणाच्या हातात देऊ नकोस, नाहीतर फाइलला लावून मोकळे होतील. गुडघ्यामुळे मला गाडीत चार तास बसवत नाही, नाहीतर मीच आले असते.

त्या मुलीला दूध काय देतात? आजीला माझ्याकडून काही सांगता येण्यासारखं असेल तर सांग. नसेल तर नको सांगूस.

आत्या


२७ मे

आत्या,

तुझ्याबद्दल जे लिहिलं ते परत घेत नाही, कारण ते नसतं लिहिलं तर तू लाँड्रीदादांकडे गेली नसतीस. पण रडले मात्र खूप. मावशींनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, रडून घ्या, मग कागद पाठ करा.

सुनावणी झाली. लांब टेबल, तीन खुर्च्या तिकडे, माझ्यासाठी इकडे एकही नाही. तपासणी अधिकारी बाजूला फाइल घेऊन. अध्यक्षांनी विचारलं, माफीनामा आणलाय का? मी म्हटलं, आणलाय, वाचून दाखवते. तपासणी अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग मी वाचलं:

“मी निवृत्त मेट्रन. नियम सात माझा. तो लिहिताना मी खोलीकडे पाहिलं, खाटेवरच्या बाईकडे पाहिलं नाही. ज्या बायकांचं रक्त मी त्यांच्या नर्सच्या डोळ्यांसमोरून उचलून न्यायला लावलं, त्यांची मी माफी मागते. समितीची मागत नाही. समितीने हा नियम बदलावा. तो बदलेपर्यंत माझ्या भाचीने तो रोज मोडावा, अशी माझी तिला लेखी सूचना आहे.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. तपासणी अधिकारी म्हणाले, वयामुळे बाईंचा थोडा गोंधळ झालेला दिसतो. मी त्यांना शाईचे आकडे सांगितले, मार्चपासूनच्या सव्वीस बाळंतपणांची वजनं सांगितली. सव्वीसातल्या तिघी पाचशेच्या वर गेल्या आणि तिघीही सुखरूप घरी गेल्या. अध्यक्ष म्हणाले, विचार करण्यासारखं आहे, वर कळवू. पण वरून आदेश येईपर्यंत नियम तो नियम. मी सही केली नाही, म्हणून लेबर रूमचा उंबरा ओलांडायची मला मनाई. बाहेर केसपेपर काढायच्या टेबलावर बसायचं.

आत एक नवी मुलगी पाठवली. बावीस वर्षांची, तिला सगळे नवीच म्हणतात. तपासणी अधिकाऱ्यांनी तिला नियम सात पाठ करायला लावून पाठवलं होतं. पहिल्या दिवशी ती माझ्याशी बोलायलाही घाबरली.

परवा दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आली. पहिलटकरीण, वीस तास कळा देऊन दमलेली. दारात बसून मला सगळं ऐकू येत होतं. मुलगा झाला. नवी म्हणाली, मावशी, कापडं उचला. मावशींचा आवाज आला, आधी वजन. नवी म्हणाली, नियम आहे. मावशी म्हणाल्या, असू दे. आणि मग नवीचा आवाज, बारीक: “मावशी, मापात चारशे झालंय का हो?”

मी दारात जाऊन उभी राहिले, उंबऱ्याच्या अलीकडे. म्हटलं, नवे, पोटावर हात ठेव, पिशवी मऊ लागते का? म्हणाली, मऊ आहे. चोळ, थांबू नकोस. दुसरं औषध काढ. मावशींनी आकडा सांगितला, माप आणि कापडं मिळून सहाशे दहा. नवी शीर शोधत होती आणि सुई दोनदा चुकली. आत्या, मी मनाई हुकूम सही करून घेतला होता, तो टेबलावर काचेखाली होता. मी आत गेले.

तिसऱ्या मिनिटाला सलाईन सुरू झालं. रक्त थांबवायचं औषध शिरेतून दिलं, आत एक फाटलेलं सापडलं, ते डॉक्टर येईपर्यंत दाबून धरलं. नऊशे चाळीसवर थांबलं. तासाभराने ती म्हणाली भूक लागली आहे.

रजिस्टरमध्ये नवीने स्वतःच्या अक्षरात नऊशे चाळीस लिहिलं. माझ्याकडे पाहून विचारलं, सिस्टर, खरं लिहू ना? मी म्हटलं, तू आता दुसरं काय लिहिणार?

काल नवा मेमो आला. हुकूमभंग. आता बारा जूनला जिल्ह्याच्या कार्यालयात मोठी समिती, निलंबनाची शिफारस आहे. मी उत्तर दिलंय: हो, मी आत गेले, पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन. त्याखाली नवीने सही केली. कोणी सांगितलं नव्हतं. तिच्याखाली मावशींनी केली, वेळ लावून, एकेक अक्षर जोडून. डॉक्टरांनी दिवसभर इकडेतिकडे केलं आणि संध्याकाळी त्यांनीही केली.

भीती वाटते का विचारशील. वाटते. नोकरी गेली तर काय करायचं ते सुचत नाही. पण मागे फिरायचं नाही, एवढं पक्कं आहे.

तुझी,
भिंगरी

ता. क. मुलगी शेळीचं दूध पिते. आजीला तुझ्याबद्दल सांगितलं. तिने विचारलं, ती बाई लांबून येणार आहे का?


३ जून

चि. भिंगरीस,

आजीला सांग, येणार आहे.

अकरा जूनच्या दुपारच्या गाडीने निघते. गुडघ्याला पट्टा बांधते आणि मध्ये दोनदा उतरून चालते. डॉक्टरांनी मनाई केली आहे, पण आपल्या घरात सध्या मनाईला फारसं कोणी विचारत नाही.

तुझ्या निलंबनाचा कागद निघालाच तर त्यांना म्हण, आधी माझ्या नावाने काढा. तू मोडलास तो नियम माझा होता आणि मोडायला लेखी सांगितलं तेही मीच. पेन्शन बंद करायची तर करा म्हणावं, मला अजून टाके घालता येतात, उपाशी मरणार नाही.

जुन्या नर्सांना मी पत्रं टाकली होती, नियमावली बनवताना माझ्याबरोबर होत्या त्या. अकराजणी होत्या, सातजणी उरल्या आहेत. प्रत्येकीला लिहिलं की बादली घ्या, लाल रंग घ्या आणि अंदाज करा. पाचजणींची उत्तरं आली. एकीचाही अंदाज निम्म्यावर पोचला नाही. एकीने नुसतं लिहिलंय, बाई, मी दोन दिवस झोपले नाही. त्या पाचहीजणींनी सह्या पाठवल्या आहेत. राहिलेल्या दोघी नाही देणार, त्यांना मी ओळखते, त्यांची वाट बघत बसू नको.

आणि लाँड्रीदादाही येतो आहे. मी विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला, एवढ्या साहेबांपुढे मी काय सांगणार? मी म्हटलं, मला सांगितलंत तेच. म्हणाला, ते विचारतील का? मी म्हटलं, दादा, विचारेपर्यंत मी तिथून हलणार नाही. मुलाचा नवा शर्ट मागून ठेवला आहे त्याने.

तू तिथे आधी पोचशील, तर एवढं काम कर. मागच्या वेळी तुला उभं ठेवलं ना त्यांनी? या वेळी टेबलाच्या आपल्या बाजूला एक खुर्ची मागून घे. देत नसतील तर शेजारच्या खोलीतून उचलून आण. ती माझ्यासाठी नको. तिच्यावर लाँड्रीदादा बसेल. मी उभी राहीन.

तुझी,
आत्या